आठ कोअर की बारा

माझ्या नवऱ्याला कुणी "चहा घेणार का?" असं विचारलं, तरी तो म्हणतो, "बघू." दुकानात शर्ट घ्यायला गेला की दोन्ही शर्ट दारात उजेडाला नेऊन बघतो, परत आत आणतो, परत दारात नेतो. दुकानदार जांभया द्यायला लागतो. शेवटी मीच म्हणते, "निळा बांधा हो, आणि आम्हाला मोकळं करा." घरी आल्यावर विचारलं, आवडला का, तर म्हणतो, "घालून बघू."

हा स्वभाव मला लग्नाआधीच कळला होता. मी अपेक्षा, बार्शीची. विश्राम मला बघायला आमच्या घरी आला, तेव्हा निघताना माझ्या वडिलांनी सरळ विचारलं, "मग काय, मुलगी पसंत आहे ना?" त्याने पोह्यांच्या रिकाम्या ताटलीकडे बघितलं आणि म्हणाला, "बघू." बरोबर आलेले त्याचे मामा इतके वरमले की चप्पल न घालताच पायऱ्या उतरले. त्यानंतर अख्खा पावसाळा गेला. दिवाळीच्या तोंडावर होकार आला, तोवर मी इतकी चिडले होते की नकारच कळवणार होते. आईने समजूत काढली. पण माझी एक मावशी आहे, तिच्या तोंडाला कुलूप नाही. ती म्हणाली, "चार ठिकाणी मुली बघून आले असणार. कुठे जमलं नाही, मग आठवली आपली अपेक्षा." झालं. ते वाक्य लग्नाच्या सामानाबरोबर माझ्या सासरी आलं आणि तिथेच राहिलं. मी ते कधी बोलून दाखवलं नाही. कुणाला विचारणार? विचारलं असतं तरी उत्तर ठरलेलं.

लिहिताना मी त्याला विश्राम म्हणते आहे. घरात मात्र 'अहो'च म्हणते, सासूबाईंच्या कानांना 'विश्राम' सहन व्हायचं नाही.

विश्राम मुळशीतल्या नांद्याचा. घरची भातखाचरं. त्यातली काही विकली गेली, काहींवर भाड्याच्या खोल्या झाल्या. सासरे नाहीत. सासूबाई गोजराबाई उरलेल्या तुकड्यात अजून भात लावतात आणि बांधाला झेंडू. विश्रामने आयटीआयला ड्राफ्ट्समनचं शिक्षण घेतलं, ड्रॉइंग बोर्डवर काम केलं, मग कॉम्प्युटरवर. पुढे महाळुंग्याच्या दिग्विजयने, म्हणजे त्याच्या शाळासोबत्याने, जमिनीच्या पैशात स्टुडिओ काढला, तिथे तो चिकटला. आमचं काम म्हणजे अजून न बांधलेल्या इमारतींची चित्रं करायची. खाली खाचरात बगळे उभे असतात आणि आमच्या पडद्यावर त्याच जागी पोहण्याचा तलाव, त्याच्या काठाला गोरी माणसं. मी लग्नानंतर तिथेच लागले. मी सोफे आणि स्वयंपाकघरं करते, विश्राम इमारती करतो, आणि नागपूरहून आलेला पियूष त्या सगळ्यावर ऊन पाडतो. म्हणजे उजेड, सावल्या, काचेतलं प्रतिबिंब. कॉम्प्युटरला खरा दम लागतो तो याच कामात.

दोन हजार नऊ साली आम्हाला एका मोठ्या वसाहतीची फिल्म करायचं काम मिळालं. गेटमधून आत शिरायचं, बागेतून फिरायचं, वर गच्चीवर जायचं. आमची जुनी मशीनं त्यातली झाडं बघूनच मान टाकायची. दिग्विजयने ठरवलं की नवी खोली काढायची आणि तिच्यात सगळी एकाच जातीची नवी मशीनं बसवायची. पुण्याचा विक्रेता म्हणाला, बाजारात सध्या दोनच खरी आहेत. एकात दोन झिऑन प्रोसेसर, दुसऱ्यात दोन ऑप्टेरॉन. दोन्ही एकेक वापरून बघा आणि मग ऑर्डर द्या.

आता ज्यांना यातलं काही कळत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण मलाही तेव्हा फार कळत नव्हतं. प्रोसेसर म्हणजे मशीनचं डोकं, आणि त्या डोक्यात काम करणारे हात असतात, त्यांना कोअर म्हणतात. झिऑनच्या मशीनमध्ये दोन्ही मिळून आठ कोअर होते, ऑप्टेरॉनच्या मशीनमध्ये बारा. भात लावायला बारा बाया आल्या तर आठांपेक्षा लवकर उरकणार, हे शेंबडं पोरही सांगेल. दिग्विजयने तेच सांगितलं. पियूषही बाराच्याच बाजूने होता, कारण उजेडाचं काम सगळ्या कोअरना वाटून देता येतं. मग जितके जास्त तितकं बरं.

दिग्विजयने सवयीने विश्रामकडे बघितलं, उत्तराची अपेक्षा न ठेवता. "तुझं काय मत?"

"झिऑन घ्या," विश्राम म्हणाला.

मी हातातलं काम सोडून खुर्ची वळवली.

"आरं, पर आठच हायेत त्यात."

"आठच घ्या. एकेक कोअर दोन-दोन कामं अंगावर घेतोय त्यातला, आन हात पन चपळ हाय. बाराच्या फुडं जाईल. माझा शब्द हाय."

विश्रामचा शब्द! लग्नाला तीन वर्षं झाली होती, मला या माणसाने भाजीबद्दलसुद्धा शब्द दिला नव्हता. दिग्विजय क्षणभर गोंधळला आणि मग हसला. "बरं. तुझा शब्द खरा ठरला तर नवी खोली तुझ्या ताब्यात. तितलं काम तूच ठरवायचं, मानसं तूच घ्यायची. न्हाई ठरला तर बारा कोअर घेतो, आन खोली पियूषकडं. राग न्हाई धरायचा."

"न्हाई धरत."

घरी जाताना मोटरसायकलवर मागून मी ओरडून विचारलं, "अहो, एवढं ठाम कशावरून?" तर म्हणाला, विक्रेत्याच्या दुकानात दोन्हीवर काम करून बघितलं. पुढचं वाऱ्यात गेलं. मला नुसता आनंद झाला होता. नवरा बोलला याचा आनंद, दुसरं काही नाही.

झिऑनचं मशीन दसऱ्याच्या आधी आलं. ऑप्टेरॉनचं विक्रेत्याकडे अडकलं, ते दसऱ्यानंतर येणार होतं. आमच्या घरी दसऱ्याला कोयता, खुरपं, विळा, पाण्याची मोटर, सगळ्यांची पूजा होते. विश्राम कॉम्प्युटरवर काम करायला लागल्यापासून त्याच्या मशीनचीही होते. सासूबाई त्यासाठी स्वतःच्या बांधावरच्या झेंडूचा हार ओवून देतात. तो झेंडू साधा नाही. लहान, तांबूस, गच्च पाकळ्यांचा. त्याचं बी त्यांच्या आईकडून आलेलं आहे, आणि बाजारात कुठेही मिळत नाही, असं त्या दर दसऱ्याला एकदा सांगतातच.

"हार वाळला की माघारी आन," त्या विश्रामला म्हणाल्या. "फेकून देशील. औंदा माझं सगळं बी त्यातच हाय, बांधावरली झाडं पावसानं लोळवली."

विश्रामने ऑफिसात मशीन पुसलं, हळदकुंकू वाहिलं, आणि हार दुहेरी करून पुढच्या बाजूला घातला. दोन्हीकडून चिकटपट्टी लावून असा काही घट्ट बसवला की हलायला नको. इतक्या प्रेमाने त्याने मला लग्नात हार घातला नव्हता. तेव्हा तो माझ्या पदरात अडकला होता आणि मीच सोडवून घेतला होता. असो. दसऱ्याचा हार कुणी लगेच काढत नाही, तो जागेवर वाळतो. आमच्याकडे वर्षानुवर्षं असंच चालत आलंय, आणि कुणाच्या मनात दुसरं काही यायचं कारण नव्हतं.

दुसऱ्या दिवसापासून विश्राम त्या मशीनवर फिल्मची तयारी करायला लागला. मग ऑप्टेरॉनचं मशीन आलं. दसरा होऊन गेला होता, म्हणून त्याला हार नाही. दोन्ही शेजारी-शेजारी ठेवली आणि परीक्षेचा दिवस ठरला. परीक्षा विश्रामनेच आखली होती, आणि पियूषला विचारून आखली होती. आधी एक जड फाइल उघडून तिच्यात बदल करायचे, मग बागेचं एक मोठं चित्र, मग फिल्मचा छोटा तुकडा. दोघांना तेच काम, एकाच वेळी सुरू.

फाइलच्या कामात झिऑन पुढे गेलं. मी टाळी वाजवली, पियूषने हसून माझ्याकडे बघितलं. मग चित्र सुरू झालं. सुरुवातीला झिऑनच्या पडद्यावर चित्राचे चौकोन भराभर भरत होते, झाडं उगवत होती, तलावात आभाळ दिसायला लागलं होतं. आणि मग हळूहळू त्याचा वेग उतरला. आतला पंखा गिरणीसारखा ओरडायला लागला. शेजारचं मशीन शांतपणे आपलं काम करत राहिलं आणि पुढे निघून गेलं. फिल्मच्या तुकड्यात तर विचारूच नका. ऑप्टेरॉनचं जेवणाच्या सुट्टीच्या आत उरकलं, आमचं जेवून आल्यावरही घरघरतच होतं.

"लई मोठ्यांदा वरडतंय तुझं," दिग्विजय म्हणाला.

विश्रामने सेटिंग तपासली. प्लग बदलून बघितले. पियूषनेही मदत केली. तो मनाने चांगला आहे, त्याने एकदाही दात काढले नाहीत. दुसऱ्या दिवशी परत परीक्षा घेतली, परत तेच. सुरुवातीला पळायचं आणि मग धाप लागल्यासारखं बसायचं. मशीन उघडून बघावं तर विक्रेत्याचं सील होतं. ते तोडलं तर मशीन आमच्या गळ्यात. आणि खरं सांगायचं तर उघडून बघायचं कुणाला सुचलंही नाही, कोरं मशीन होतं.

"मग काय म्हनतो?" दिग्विजयने विचारलं. आवाजात खवचटपणा नव्हता, त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"तुमी म्हनाल तसं," विश्राम म्हणाला.

"सोमवारी ऑर्डर देतो मग. बारावाल्याची."

विश्रामने मान हलवली. निघताना त्याला आईचं बोलणं आठवलं, म्हणून त्याने चिकटपट्ट्या सोडवल्या आणि वाळलेला हार पिशवीत टाकला. मला खोली गेल्याचं दुःख नव्हतं. खोली आज ना उद्या कुठली तरी मिळाली असती. मला भीती वाटत होती ती वेगळीच. हा माणूस आयुष्यात पहिल्यांदा छाती पुढे काढून बोलला होता, आणि चारचौघांत तोंडावर आपटला होता. आता हा जन्मात कशाबद्दल ठाम बोलणार नाही. म्हातारपणीसुद्धा मला "बघू" ऐकावं लागणार. रात्रीच्या जेवणात मी विचारलं, "भाकरी वाढू?" तर तो "बघू" देखील म्हणाला नाही. नुसतं ताट सरकवलं. मी चुलीवरचा तवा खाली आपटला, तर सासूबाई म्हणाल्या, "तव्यानं काय घोडं मारलंय तुजं?"

रविवारी सकाळी सासूबाई पडवीत सूप घेऊन बसल्या आणि हारातली फुलं सोडवून बी काढायला लागल्या. झेंडूचं बी प्रत्येक पाकळीच्या बुडाला चिकटलेलं असतं, काळी बारीक काडी. पाकळ्या ओढल्या की बी त्यांच्याबरोबर हातात येतं. मी लसूण सोलत होते. विश्राम खांबाला टेकून कुठेच न बघता बसला होता.

"इश्रामा," सासूबाई म्हणाल्या, "हार कुटं ठिवला व्हता रं?"

"मशीनवर. कुटं ठिवनार?"

"उंदीर हायेत का तितं?"

"काचेची खोली हाय आई. उंदीर कुटनं येत्यात?"

"मग निम्म्या फुलांत बीच न्हाई. हे बघ. ह्या अंगाला भरलेलं हाय, आन ह्या अंगाला टक्कल. पाकळ्या कुनी वढून काढल्या?"

मी सूप माझ्याकडे ओढलं. खरंच, एकेक फूल एका बाजूने भरगच्च आणि दुसऱ्या बाजूने बोडकं होतं. कुणी मुद्दाम उपटल्यासारखं. मला काही कळलं नाही. मी म्हटलं, "पिशवीत सांडलं असेल." विश्रामने पिशवी उलटी केली. पिशवीत चार पाकळ्या.

मग त्याने उरलेला हार उचलला आणि दोन्ही हातांनी समोर धरला, मशीनवर घातला होता तसाच, दुहेरी. बोडकी बाजू सगळी एकीकडे आली. आतल्या बाजूला. मशीनच्या पुढच्या जाळीला टेकलेली बाजू.

"वढून काढल्या," तो हळूच म्हणाला. मग मोठ्यांदा म्हणाला, "आगं आई, वढूनच काढल्या!"

"पर कुनी?"

"पंख्यानं!"

सासूबाईंना वाटलं पोराला काहीतरी झालं. तो शर्टाची बटणं लावत मोटरसायकलकडे धावला, आणि मी लसणाचे हात तसेच घेऊन मागे बसले. वाटेत थांबून त्याने पियूषला फोन केला, मग विक्रेत्याला. विक्रेता रविवारचा कुरकुरत होता. विश्राम त्याला म्हणाला, "आत्ताच्या आत्ता यायचं. मी सांगतोय." फोनवर 'मी सांगतोय' असं म्हणणारा हा कोण, म्हणून मी मागून वाकून त्याचं तोंड बघितलं.

ऑफिसात पोचल्यावर पियूषने जाळीवर टॉर्च मारला. आत काहीतरी पिवळं-तांबडं दिसत होतं. दुपारी विक्रेत्याचा माणूस आला, त्याने स्वतःच्या हाताने सील काढलं आणि झाकण उघडलं. झेंडूचा वास आला. प्रोसेसरवर धातूच्या बारीक पट्ट्यांचे ठोकळे असतात, त्यांच्या फटींतून वारा जातो आणि डोकं थंड राहतं. त्या फटी वाळक्या पाकळ्यांनी गच्च भरल्या होत्या, उशीत कापूस भरावा तशा. बाहेरून हाराने वारा अडवलेला, आतून पाकळ्यांनी. बिचारं मशीन आठ दिवस नाक दाबून पळत होतं. फार तापलं की ते स्वतःच पाय ओढायचं, जीव वाचवायला. म्हणून सुरुवातीला पुढे, मग मागे.

"च्यायला," मागून येऊन उभा राहिलेला दिग्विजय म्हणाला, "भक्ती जास्त झाली व्हय."

विश्रामने मऊ ब्रशने एकेक पाकळी काढली आणि कागदावर ठेवली. विक्रेत्याचा माणूस हवेच्या फवाऱ्याने उडवून देतो म्हणाला, तर विश्रामने त्याचा हात धरला. "उडवू नका. आईचं बी हाय." मग स्वतःच म्हणाला, की दुसरं मशीनही उघडून साफ करा, म्हणजे कुणी म्हणायला नको. ते साफच होतं. मग परत तीच परीक्षा.

मी देवाला काहीतरी बोलले असेन, आता आठवत नाही. झिऑनचे चौकोन भरायला लागले. भरत राहिले. जिथे आधी वेग उतरायचा ती जागा आली आणि गेली. पंखा ओरडला नाही. झाडं झाली, तलाव झाला, तलावात आभाळ आलं, आणि शेजारच्या मशीनचा तलाव अजून कोरडाच होता. फिल्मच्या तुकड्यातही आठ कोअर बाराच्या पुढे राहिले. फार नाही, पण कुणी वाद घालणार नाही इतके. पियूषने विश्रामचा हात हातात घेतला. "मान गए, दादा." दिग्विजय म्हणाला, "खोली तुझी. फकस्त त्या खोलीत फुलबाजार भरवू नको." विश्राम जिन्याच्या पायरीवर जाऊन बसला आणि एकटाच हसायला लागला, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मी शेजारी बसले आणि माझंही तेच झालं. लसणाच्या हातांनी डोळे पुसले, मग काय विचारता.

घरी कागदाची पुडी सासूबाईंच्या हातात दिली. त्यांना आठ आणि बाराशी काही देणंघेणं नव्हतं. "लई तापतं म्हनता ते यंत्र. माझं बी भाजलं तर न्हाई ना?" त्यांनी थोडं बी कुंडीत टाकलं. उगवलं तर खरं, म्हणाल्या. तेवढे दिवस विश्राम रोज सकाळी आधी कुंडी बघायचा आणि मग दात घासायचा. नवी मशीनं यायला निघाली होती, खोलीला रंग लागत होता, पण त्याचा जीव कुंडीत अडकला होता.

आणि एका सकाळी मातीतून हिरवे ठिपके वर आले. सासूबाईंनी ओल्या हातानेच त्याच्या पाठीवर थाप मारली. तिघंही कुंडीभोवती उकिडवे बसलो. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला होता, म्हणून मी विचारून घेतलं, "अहो, एक सांगा. त्या दिवशी एवढ्या ठामपणे कसं बोललात?"

"दुकानात हात लावल्याबरोबर कळलं होतं," तो म्हणाला. "म्हटलं, या वेळी बोलून टाकायचं. मागच्या वेळेसारखं नको."

"कुठल्या मागच्या वेळेसारखं?"

तो कुंडीतल्या मातीचं ढेकूळ फोडायला लागला. "तुझ्या वेळी. बघितल्याबरोबर कळलं होतं. तोंडातून 'बघू' गेलं, आणि मग ते माघारी कसं घ्यायचं तेच समजेना."

मावशीचं वाक्य माझ्या जिभेवर आलं. इतकी वर्षं दाबून ठेवलेलं. "मग पावसाळाभर दुसरीकडे मुली बघत होता ना?"

तो काही बोलायच्या आत सासूबाईच म्हणाल्या, "कसल्या पोरी? एक बी न्हाई बघितली. दोनदा तुमच्या बारशीला निघाला, आन दोनदा स्वारगेटवरनं माघारी आला. मला म्हनला, गाडी चुकली. मला काय कळत न्हाई व्हय?"

विश्रामचे कान लाल झाले होते. मी तांब्या उचलला आणि कुंडीत पाणी ओतत राहिले, ओतत राहिले, शेवटी सासूबाईंनी माझा हात धरला.

"आगं पुरं की! बी कुजंल माझं."